मशीन चालू ठेवून

चष्म्याच्या दुकानातून बाहेर पडून मी बसथांब्यावर उभा होतो, नव्या भिंगांतून समोरच्या फुटपाथची कडा किती धारदार दिसते ते पाहत होतो, आणि तेवढ्यात रस्त्यापलीकडे ट्रकमध्ये खोकी चढवणाऱ्या दोघांपैकी एकाने दुसऱ्याला सांगितले की माझे बाबा आले. बाबांना जाऊन कित्येक वर्षे झाली. शिवाय तो माणूस तोंडाने काहीच बोलला नाही. त्या रहदारीत बोलून उपयोगही नव्हता. त्याने हनुवटी किंचित उचलली, दोन बोटे गळ्याशी नेली आणि सदऱ्याचे सगळ्यात वरचे बटण, जे त्याच्या बनियनला नव्हतेच, ते लावल्यासारखे केले. दुसऱ्याने झटकन सिगरेट टाचेखाली चिरडली आणि खोके खांद्यावर घेतले. मग गोदामाच्या दारातून पोट सुटलेला एक इसम हातात कागद घेऊन बाहेर आला आणि संशयाने दोघांकडे पाहत उभा राहिला. माझी बस आली, तिचे दार उघडले, मिटले, ती गेली. मी तिथेच. रस्ता ओलांडून त्या माणसाला विचारावे असे फार वाटले, पण अनोळखी माणसाला काय विचारणार? हे बटण तुम्ही कुठून आणले, असे? ट्रक निघून गेला तेव्हा लक्षात आले की माझा उजवा हात माझ्याच गळ्याशी गेला आहे आणि शेजारी उभी असलेली बाई थोडी दूर सरकली आहे.

ते बटण आमचे होते. माझे आणि ताईचे. ताईला जन्मापासून ऐकू येत नसे. आमच्या लहानपणी तसल्या मुलांची शाळा जवळपास कुठे नव्हती, आणि असती तरी बाबांनी तिला घातले असते की नाही कोण जाणे. मी तिच्या पाठचा. मला बोलता येऊ लागले त्याच सुमारास आम्हा दोघांना हातांनी बोलता येऊ लागले असावे, कारण त्याची सुरुवात मला आठवत नाही. आपण पहिला शब्द कधी बोललो हे तरी कुणाला आठवते? बाबा घरात शिरण्याआधी उंबऱ्यावर थांबून वरचे बटण लावत. बाहेर मोकळा असलेला माणूस घरात येताना कचेरीत आल्यासारखा बंद होई. खिडकीतून ताईला ते आधी दिसे. ती बटण लावी, मी पत्ते गादीखाली सारी. असे शंभर शब्द होते, मग दोनशे, मग मोजायचे सोडून दिले. गुडघा तळव्याने पुसला की ‘पुरे’. अंगठा खालच्या ओठावर दाबला की ‘रुसलेय, मनवायला ये’. बोटे पसरून चेहऱ्यावरून पडदा ओढल्यासारखा हात खाली आणला की त्याचा अर्थ ‘हा पुस्तकात बुडाला, आता उपयोग नाही’, आणि तो शब्द फक्त माझ्यासाठी होता. आईला त्यातले निम्मे कळे. बाबांना काहीच कळत नसे, आणि भाषा कशासाठी असते हे मला तेव्हाच समजले होते असे आता वाटते. पण आता काय, आता काहीही वाटते.

मी सगळा जन्म शब्दकोशाच्या कचेरीत काढला. शब्द कोशात घ्यायचा तर तीन वेगवेगळ्या छापील जागी तो सापडावा लागे. तीन पुरावे मिळाले नाहीत तर कितीही गोड शब्द असो, खोक्यात जाई. त्यामुळे त्या संध्याकाळी घरी चालत येताना माझ्यातला कारकून मला बजावत होता की एक पुरावा म्हणजे पुरावा नव्हे. गळ्याशी हात कुणीही नेतो. माणसाला खाज सुटू शकते. आणि पोटवाला इसम काय, तो तसाही बाहेर येणारच होता. पण मन ऐकेना. कारण ताई गेल्या महिन्यात गेली होती, आणि तेव्हापासून मी एक गोष्ट कुणालाच सांगितली नव्हती. मी सगळ्या जगात ती भाषा येणारा एकटा उरलो होतो. माझी बायको गेल्यानंतर ताई माझ्याकडेच राहायला आली होती, आणि सकाळी चहाच्या ओट्याशी आमची जी बडबड चाले ती शेजारच्यांनी कधी ऐकली नाही म्हणून बरे. ऐकली असती तर घर सोडून गेले असते. लोकांत मी गप्प. सभेत मला बोलायला उठवले की माझा आवाज छातीतच कुठेतरी वाट चुकतो आणि मागच्या रांगेतून हमखास ‘मोठ्यानं’ अशी हाक येते. ताईपुढे मात्र मी चुरूचुरू बोलत असे. ती गेल्यावर पहिल्या काही दिवसांत दूध उतू जाताना मी वळून ‘अगं बघ’ म्हणालो, हातांनी, आणि समोर नुसती भिंत होती. तेव्हापासून हात खिशात घालून फिरायची सवय लागली.

“मग विचारायचं ना त्याला!” लेक म्हणाली. ताईच्या कारखान्यातल्या लोकांनी तिच्या आठवणीसाठी रविवारी कार्यक्रम ठेवला होता, त्यासाठी ती आदल्या दिवशीच आली होती. “रस्ता ओलांडायचा, विचारायचं. मारणार होता का तो?”

“घाईत होता गं.”

“तो घाईत आणि तुम्ही बस सोडलीत. कमाल आहे बाबा तुमची.” मग माझ्या टेबलावरच्या पानांकडे पाहून म्हणाली, “हे सगळं वाचणार आहात? लोक उन्हात उभे असणार आहेत. आत्यानं तरी ऐकून घेतलं असतं का एवढं?”

“आत्याला ऐकूच येत नव्हतं.”

“तेच म्हणतेय मी,” ती म्हणाली, आणि आम्ही दोघेही हसलो, आणि मग तिने माझ्याकडे न पाहता टेबलावरचे पेन उगाच सरळ करून ठेवले. आत्याची आणि तिची फार गट्टी. पण ताई ओठ वाचण्यात तरबेज, म्हणून लेकीला आमची बोली शिकायची गरजच पडली नाही. ‘ये’, ‘जेव’, ‘नको’ एवढ्यावर तिचे भागले.

ताई खिळ्यांच्या कारखान्यात होती. तारेची भेंडोळी एका बाजूने यंत्रात शिरतात आणि दुसऱ्या बाजूने खिळे पडतात, आणि दरम्यान जो आवाज होतो त्याने तिथली माणसे दहा-पंधरा वर्षांत अर्धी बहिरी होतात. ताईला तिथे घेतले ते म्हणे याचसाठी, की हिचे आणखी काय बिघडणार! हे ती स्वतःच सांगे, पोट धरून हसत. संध्याकाळी यायची तेव्हा तिच्या अंगाला तेलाचा आणि कापल्या लोखंडाचा वास असे, आणि चपला काढायच्या आत हात सुरू होत. आमच्या शेडमध्ये सगळे आपलं बोलतात, ती सांगे. फोरमनपण. तिथे सगळे माझ्यासारखे आहेत, उलट मीच जरा हुशार. मी मान डोलवी. ताईची बढाई म्हणजे आठ हात लाकूड आणि नऊ हात ढलपी; तिने बाजारातून आणलेले भोपळे दर वेळी सांगताना वाढत जात. मला वाटे की चारदोन खुणा शिकल्या असतील बिचाऱ्यांनी, चहाला चल, घरी जा, एवढ्या. त्याचा हिला अभिमान. असू दे. आणि आता त्या रस्त्यापलीकडच्या, कारखान्यापासून कितीतरी दूरच्या माणसाने ते बटण लावले होते, अगदी बाबांसारखी हनुवटी उचलून, बाबांना कधीही न बघता. रविवारी मला कळणार होते की ताईची ती बढाई होती की नाही. म्हणजे मी एकटा उरलो आहे की नाही. वाटते तेवढे हे साधे नव्हते. ती बढाईच निघाली असती तर मला काय परत खिशात हात घालून जगायचे होते, ते जमलेच असते. पण तिच्या सगळ्या आयुष्याकडे मी मग प्रेमाने, कीव करून पाहिले असते, आणि तिला कीव सोसत नसे.

कारखान्यामागच्या मोकळ्या मैदानावर, जिथे एरवी माल भरायला ट्रक लागतात, तिथे खिळ्यांची रिकामी खोकी अर्धगोलात मांडली होती. ऊन स्वच्छ होते. माझ्या अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त माणसे होती; म्हातारी, निवृत्त झालेली, कामावरची, काही मुलाबाळांना घेऊन आलेली. शेडची मोठी लोखंडी दारे सताड उघडी होती आणि आत, सुट्टी असूनही, एक फिटर यंत्रांच्या मधून तेलाची झारी घेऊन फिरत होता. फोरमन पुढे आला. फोनवर त्याने मला आधीच बजावले होते, “शोकसभा नाही हं काका. रडायचं नाही असं ठरलंय. ताईंचा मेळावा आहे.” आता माझ्या हातातली पाने पाहून तो जरा घुटमळला.

“काका, वाचायचं ठरवलंयत का?”

“थोडंसंच,” मी म्हणालो.

“नाही, म्हणजे...” त्याने मान खाजवली. “तुम्हाला ताईंनी सांगितलं असेल असं वाटलं. आमच्याकडे भाषणं मशीन चालू ठेवून असतात.”

मला वाटले मी चुकीचे ऐकले. मग त्याने सांगितले. तो नवा लागला होता तेव्हाची गोष्ट. कुणीतरी मोठे साहेब निवृत्त होत होते आणि ह्याच मैदानावर त्यांचा निरोप होता. मशीन बंद. साहेब बोलायला उभे राहिले ते खालीच बसेनात. बोलताना तोंडापुढे रुमाल धरायची त्यांना सवय, म्हणजे ताईला ओठही दिसेनात. ती पुढच्याच रांगेत. “सगळ्यांकडे बघायची, लोक हसले की हसायची, अर्धा क्षण उशिरा. मग आमच्या देखत उठली, सरळ शेडमध्ये गेली आणि आपलं मशीन चालू केलं. मग शेजारचं. मग त्याच्या शेजारचं. साहेबांचे नुसते ओठ हलतायत! मग ही बाहेर येऊन त्यांच्यासमोर उभी राहिली आणि हातांनी म्हणाली, हं, आता बोला.”

“मग?” लेकीने विचारले.

“मग काय! साहेबांची बोबडी वळली. त्यांच्या जागी आमच्यातली एक उठली आणि तिनं त्यांची अशी काही नक्कल केली हातांनी, की साहेबसुद्धा हसले. त्याच्यानंतर इथं कुणाचाही निरोप असो, लग्न असो, नाहीतर हे असं काही असो, मशीन चालू. कंपनीनं पण सोडून दिलं. बाईपुढे कोण लागणार?”

हे ताईने मला सांगितले नव्हते. भोपळ्यांचे सांगितले, हे नाही. कदाचित सांगितलेही असेल आणि मी वाचत असेन. माझ्या मानेमागून काहीतरी गरम वर चढत गेले, आणि ते काय आहे हे ओळखायला मला वेळ लागला, कारण इतका अभिमान मला स्वतःच्या कुठल्याच गोष्टीचा कधी वाटलेला नव्हता.

फिटरने यंत्रे चालू केली. तो आवाज कानाला ऐकू येतच नाही, तो दातांत आणि बरगड्यांत येतो. लेकीने दोन्ही कानांवर हात ठेवले. समोरची माणसे मात्र सैल झाली. मघाशी जी एकमेकांशी दबून, कार्यक्रमाला आल्यासारखी बोलत होती ती आता खोक्यांवर नीट टेकली आणि सगळ्या मैदानावर हात उठले. आधी मला नुसती हालचाल दिसली, वाऱ्याने शेत हलावे तशी. मग त्यात शब्द दिसू लागले. पलीकडच्या टोकाची एक म्हातारी ह्या टोकाच्या माणसाला विचारत होती, सून रुसून गेली होती ती आली का, अंगठा ओठावर. तो म्हणाला, पुरे. पण गुडघ्याला न टेकता, हवेतल्या हवेत, घाईचा. हा उच्चार मला नवीन होता. एकजण दुसऱ्याला बटण लावून फोरमनकडे डोळ्याने दाखवत होता. दोन पुरावे, तीन पुरावे, तीस. स्वयंपाकघरात वाढलेला माणूस कुठल्याशा परदेशात उतरावा आणि बंदरावरचे हमालसुद्धा त्याच्या आईच्या ओट्याशी चालणारे बोलणे बोलत असावेत, तसा मी उभा होतो. सगळे शब्द आमचे नव्हते. कितीतरी मला अनोळखी होते, आमच्या शब्दांना फुटलेले धुमारे. पण वळण ओळखू येत होते. भुवई उडवायची ती ताईचीच.

ताईच्या शेजारच्या यंत्रावर जिने सगळी वर्षे काढली ती बाई पुढे आली. तिला सगळे ठिणगी म्हणत. बुटकी, जाड, केस आखूड कापलेले, आणि हात असे की दूरवरूनही एकेक शब्द सुटा दिसावा. तिने ताईला उभे केले. चालणे, नाक उडवणे, डबा उघडून आधी दुसऱ्याच्या डब्यात डोकावणे. मी लेकीच्या कानाशी ओरडून सांगू लागलो, “म्हणतेय, आत्या हिच्या डब्यातलं खायची आणि वर नावं ठेवायची! मीठ कमी! तेल जास्त!” लेक माझ्याकडे अशी पाहत होती की जणू मी कुठलेसे वाद्य वाजवायला घेतले आहे. मग ठिणगीने एक गोष्ट सांगितली, ऐन कामाच्या गर्दीत एक यंत्र कसे तार खाऊन अडकले, आणि ‘अडकले’ म्हणताना तिने बोटे पसरून हात चेहऱ्यावरून पडद्यासारखा खाली ओढला. मी थांबलो. तिने तो पुन्हा केला. मागच्या बाजूला एकाने तोच शब्द वापरून काहीतरी टोमणा मारला. ते माझे नाव होते. पुस्तकात बुडालेला, आता उपयोग नाही. म्हणजे इतकी वर्षे त्या शेडमध्ये कुठलेही मशीन अडकले की शंभर माणसे माझे नाव घेत होती, आणि फिटर येऊन मला दोन शिव्या आणि एक हातोडा हाणत होता. ताईने हे मला मुद्दामच सांगितले नसणार. मी इतका हसलो की चष्मा काढून पुसावा लागला.

त्यानंतर फोरमनने माझ्याकडे हात केला. मी पुढे गेलो. ऊन सरळ अंगावर होते. त्यांनी जागाच तशी नेमली होती, बोलणाऱ्याचे हात उजेडात यावेत म्हणून. सगळे माझ्याकडे पाहू लागले. ऐकणारे कान मी आयुष्यभर टाळले, पण हे नुसते डोळे होते, आणि ते कुठे टाळणार? काय बोलू, हा प्रश्न नव्हताच. बोलता येईल का, हा होता. ही बोली मी एकाच माणसाशी बोललो होतो. अनोळखी माणसासमोर ती माझ्या हातून निघेल का? लहान मुलाची वाटली तर? ताईने इथे जे उभे केले त्याच्यापुढे माझे ते जुने, घरगुती, सुरुवातीचे. मी तसाच उभा राहिलो. लोकांच्या चेहऱ्यावर सौजन्य आले, जे मी चांगले ओळखतो. मग लेक जवळ आली आणि तिने माझ्या हातातली पाने काढून घेतली. दोन्ही हातांनी छातीशी धरली होती मी ती. म्हणजे इतका वेळ मी तोंडात बोळा कोंबून बोलायला उभा होतो.

मी सुरू केले. शाळेची गोष्ट. माझा वर्ग वरच्या मजल्यावर, मी खिडकीशी. ताई रस्त्यावर येऊन उभी राहायची आणि खालून मला घरचे सगळे सांगायची: आई कुणाशी भांडली, मावशी आली, मावशीने काय आणले, त्यातले मी किती खाल्ले, तुझ्यासाठी किती उरणार नाही. मी खिडकीतून बाहेर पाहून हसायचो. मास्तरांनी बाबांना बोलावून सांगितले, मुलगा डोक्याने जरा कमी दिसतो, खिडकीबाहेर बघून हसतो. मागच्या खोक्यांवरून एक तरुण उठला आणि त्याने दोन्ही कोपरे अंगापासून लांब उघडली. मला क्षणभर कळले नाही. मग कळले. मोठ्यानं. मी माझी कोपरे उघडली. बरगड्यांपाशी घट्ट धरलेले हात खांद्यापर्यंत वर आले, आणि शब्द, मला दिसत होते, मैदानाच्या टोकापर्यंत गेले. मास्तरांनी पडदा लावला. दुसऱ्या दिवशी ताई समोरच्या झाडावर. फांदीवर बसून, एका हाताने झाड धरून, एकाच हाताने बोलत होती. अर्धे शब्द मला लावून घ्यावे लागले. ‘झाड’ मी आमच्या पद्धतीने म्हणालो तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीने मान हलवून मला त्यांचे झाड करून दाखवले, मी ते उचलले, आणि ती खूश झाली. लोक हसत होते. तो हसण्याचा आवाज नव्हताच, यंत्रांच्या खाली तो बुडून गेला होता. खांदे होते, दात होते, मांड्यांवर आपटलेले तळवे होते. मी दुसरी गोष्ट काढली. तिसरी. ताई बाबांना जेव्हा पहिल्यांदा पगार दाखवायला उंबऱ्यावर उभी राहिली आणि बाबांनी, घरात शिरायच्या आधी, वरचे बटण लावायचे सोडून उलट काढले, ती. ती गोष्ट मी कुणालाही कधी सांगितली नव्हती. शब्दांत कशी सांगायची हे मला माहीत नव्हते. शब्दांत ती होतच नाही. ठिणगीने डोळे मनगटाने पुसले आणि रागाने फोरमनकडे पाहिले, रडायचे नाही हे कुणी ठरवले म्हणून.

किती वेळ झाला मला माहीत नाही. सावल्या खोक्यांच्या ह्या बाजूला आल्या होत्या. फोरमन घड्याळाकडे पाहत होता, फिटर दारात येऊन यंत्रे तापल्याचे सांगत होता, आणि मी त्याला म्हणत होतो, एकच, ही एकच. मग आत एकेक यंत्र बंद पडत गेले. शेवटचे थांबले आणि सगळीकडे पक्ष्यांचा आवाज आला, दूरच्या रस्त्याचा, कुणाच्या तरी खोकल्याचा. मी वाक्याच्या मध्यावर होतो. कुणीच तोंडाने बोलले नाही. मी वाक्य पुरे केले. लोक उठेनात. तेव्हा पुढच्या रांगेत ठिणगी शेजारणीकडे जरा वळली आणि मला दिसू नये म्हणून हात कमरेशी, पोटाआड धरून, हळूच म्हणाली, “काय बडबडतो गं हा! अगदी बहिणीवर गेलाय.”

मी पाहिलेच नाही असे दाखवले, आणि पुढची गोष्ट सुरू केली.